पृष्ठ क्रमांक नसलेल्या पुस्तकाचा पत्ता

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि मराठी संशोधनपत्रिकांचे संपादक यांस,

विषय : प्रबंध व शोधनिबंधांतील ई-पुस्तकांचे संदर्भ

स. न. वि. वि.

आपण आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना संदर्भसूचीत खोटं लिहायला लावतो आहोत, आणि ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. सबमिशनची तारीख जवळ आली की मुलं-मुली संदर्भसूचीचा गठ्ठा घेऊन येतात, ‘मॅडम, जरा नजर टाका’ म्हणतात. सूचीत सगळी पुस्तकं छापील. प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, पृष्ठ, सारं जागच्या जागी. त्यातलं एखादं पुस्तक आमच्याकडे नसतं, गावातल्या नगर वाचनालयातही नसतं, आणि विचारलं की मोबाइल पुढे येतो. वाचलंय किंडलवर किंवा पीडीएफमध्ये. मग पृ. ११२ आलं कुठून? कुणी आधीच्या एखाद्या प्रबंधातून उचललेलं असतं, कुणी मैत्रिणीला फोन करून तिच्या छापील प्रतीत शोधायला लावलेलं असतं, कुणी सरळ अंदाजपंचे टाकलेलं असतं. कारण एकच सांगतात : ‘गाईड म्हणाले, ई-बुक लिहू नका, बरं दिसत नाही. आणि नियमावलीत पृष्ठ क्रमांक अनिवार्य आहे.’

या मुलांनी पुस्तक वाचलंय, अवतरण खरं आहे, विचारही स्वतःचा आहे. खोटा आहे तो फक्त पत्ता, आणि तो आपल्या नियमामुळे खोटा झालाय.

ई-पुस्तक हा आता अपवाद राहिलेला नाही. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६पासून मिळतात. बुकगंगावरून घेतलेली पुस्तकं त्यांच्या ॲपमध्ये वाचली जातात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं पीडीएफ करून मोफत ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं तर पीडीएफ म्हणूनच जन्माला येतात. त्यांतल्या कित्येकांची छापील आवृत्ती मुळात निघालेलीच नसते, मग विद्यार्थ्याने तिचा संदर्भ द्यायचा कुठून? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट या ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेतून आमच्यासारख्या महाविद्यालयांना लाखाहून जास्त इंग्रजी ई-पुस्तकं उघडता येतात. आमच्या ग्रंथालयाची वार्षिक खरेदी बघितली तर तालुक्याच्या गावातला विद्यार्थी त्यांच्यावाचून संशोधन करूच शकणार नाही.

खरी अडचण कुठे आहे ते आता नीट सांगते, कारण ‘ई-बुक’ या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत.

पहिली वस्तू म्हणजे छापील पानाचं चित्र. स्कॅन केलेली पीडीएफ किंवा प्रकाशकाने छपाईला दिलेलीच पीडीएफ. इथे पान स्थिर असतं, क्रमांक छापलेला असतो, संदर्भ देणं सोपं असतं. तरी इथेही चुका होतात. एक नेहमीचं उदाहरण घ्या. जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन उघडलं की आधी मुखपृष्ठ, मग ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असलेलं पान, कोरं पान, अर्पणपत्रिका, ‘दोन शब्द’, मग प्रस्तावना. प्रस्तावनेच्या पानांना एक, दोन, तीन असे अक्षरी आकडे, आणि मुख्य मजकुराला पुन्हा १पासून अंकी. त्यामुळे संगणक वर ‘६३’ दाखवतो तेव्हा पानाच्या कोपऱ्यात ४७ छापलेलं असतं. एकाच वर्गातली एक मुलगी ६३ लिहिते, दुसरी ४७, आणि दोघींचे मार्गदर्शक सही करतात. नियम एका ओळीचा आहे : पानावर छापलेला आकडा घ्यायचा, पडद्यावरचा मोजणीचा आकडा घ्यायचा नाही, आणि प्रस्तावनेतलं अवतरण असेल तर ‘प्रस्तावना, पृ. सात’ असंच लिहायचं. ही ओळ मी आजवर पाहिलेल्या एकाही नियमावलीत नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या प्रबंधांचंही तेच. तिथे प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी, म्हणून प्रत्येक फाइलची मोजणी १पासून. प्रबंधाचं १४३वं पान त्या फाइलीत १२वं असतं, आणि पुढच्या प्रबंधात ते ‘पृ. १२’ म्हणून चढतं.

दुसरी वस्तू वाहत्या मजकुराची : ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलींचा एक प्रकार), किंडल आणि ॲपमधली बहुतेक पुस्तकं. इथे पान नावाची गोष्टच नाही. अक्षर मोठं केलं की पुस्तक तीनशे पडद्यांचं पाचशे पडद्यांचं होतं, फोन आडवा धरला की पुन्हा बदलतं. काही इंग्रजी प्रकाशक ईपबमध्ये छापील पानांच्या खुणा आतून पेरून ठेवतात, किंडलवरही काही पुस्तकांना छापील आवृत्तीचे पृष्ठ क्रमांक दिसतात, तिथे ते खुशाल वापरावेत. मराठी ई-पुस्तकांत मात्र मला हे क्वचितच दिसलंय. दिसतो तो मजकुरातली जागा सांगणारा किंडलचा ‘लोकेशन’ आकडा, आणि विद्यार्थी तोच ‘पृ.’ लावून टाकतात. ‘पृ. २३४१’ असा संदर्भ मी दीडेकशे पानांच्या कथासंग्रहाला दिलेला पाहिलाय. परीक्षकांनी तो पाहिला नसावा.

आपण ज्यांच्या शैलीपुस्तिकांची नावं नियमावलीत घेतो, त्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) ७वी आवृत्ती म्हणते, किंडलचे लोकेशन आकडे देऊ नका. पृष्ठ नसेल तर प्रकरण, उपशीर्षक, परिच्छेद सांगा. एमएलएही (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) तेच म्हणते : जो आकडा वाचकाच्या उपकरणाप्रमाणे बदलतो तो संदर्भाला चालत नाही, प्रकरणांना क्रमांक असतील तर ते द्या. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ जरा सैल आहे. प्रकरण किंवा उपविभाग सांगणं बरं, पण लोकेशन द्यायचंच असेल तर एकूण कितीपैकी कितवं तेही लिहा, म्हणजे दुसऱ्याला निदान अदमास येईल. तिघींचा सूर एकच आहे. तेव्हा ‘एपीए ७प्रमाणे संदर्भ द्यावेत’ असं एका कलमात लिहायचं आणि पुढच्याच कलमात ‘प्रत्येक अवतरणास पृष्ठ क्रमांक अनिवार्य’ असं लिहायचं, हे जमत नाही. विद्यार्थ्याने कुठलं कलम मोडायचं ते तरी सांगा.

आणि यासाठी अमेरिकेकडे बघायची गरज तरी काय? मराठीच्या अभ्यासकाला पानाशिवाय पत्ता सांगायची सवय छापखाना यायच्या आधीपासून आहे. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण अध्याय आणि ओवी सांगून देतो. नवव्या अध्यायातली अमुक ओवी म्हटलं की ती पोथीत सापडते, साखरे महाराजांच्या प्रतीत सापडते आणि फोनवरही सापडते. लीळाचरित्रात पूर्वार्ध-उत्तरार्ध आणि लीळेचा क्रमांक. गाथेत अभंगाचा क्रमांक. हे पत्ते मजकुराच्या पोटातले आहेत, कागदाला बांधलेले नाहीत. अर्थात प्रतीप्रतींत क्रमांक हलतात, म्हणून तर जाणकार अभ्यासक अभंग क्रमांकासोबत ‘शासकीय गाथा, १९५०’ असं प्रतीचं नावही सांगतात. तुकोबांच्या अभंगाला जो न्याय आपण देतो तोच आजच्या कादंबरीच्या ई-आवृत्तीला द्यायला हरकत कसली? प्रकरण सातवे, परिच्छेद चौथा. प्रकरणाला क्रमांक नसेल तर त्याचं शीर्षक. कवितासंग्रहात कवितेचं नाव आणि ओळ, नाटकात अंक आणि प्रवेश.

नमुना हवा असेल तर फुल्यांचाच घेऊ, कारण दरवर्षी त्यांच्यावर प्रबंध येतात आणि दरवर्षी त्यांचे संदर्भ गोंधळलेले असतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ आज विद्यार्थी जालावर वाचतात, ‘समग्र वाङ्मया’च्या पीडीएफमध्ये वाचतात, फोनवर वाचतात. आता ‘समग्र वाङ्मय’ म्हणजे तरी कोणतं? धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं १९६९चं, की य. दि. फडके यांनी संपादित केलेलं १९९१चं? दोन्ही साहित्य संस्कृती मंडळाचीच, आणि नुसतं ‘समग्र वाङ्मय, पृ. अमुक’ म्हटलं तर वाचक भलत्याच पानावर जाऊन पडतो. सूचीतली नोंद अशी असावी :

फुले, जोतीराव. ‘शेतकऱ्याचा असूड’ (लेखन १८८३). महात्मा फुले समग्र वाङ्मय. संपा. य. दि. फडके. मुंबई : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९९१. पीडीएफ आवृत्ती. शेवटी मंडळाच्या संकेतस्थळाचा दुवा.

आणि तळटीप : फुले, ‘शेतकऱ्याचा असूड’, प्रकरण २, परि. ३. पीडीएफमध्ये छापील पान दिसतं आहेच, तर शेवटी तेही जोडावं. असुडाची पाच प्रकरणं कोणत्याही प्रतीत पाचच असतात, त्यामुळे ज्याच्याकडे कीर-मालशे यांची प्रत आहे त्यालाही दोन मिनिटांत जागा सापडते. नुसत्या पृष्ठ क्रमांकाने हे झालं नसतं. परीक्षकाला तपासायला सोयीची पद्धत कोणती, हे आता आपणच ठरवा.

वर्षाचा घोटाळा याहून मजेशीर. महाराष्ट्राच्या गॅझेटिअर विभागाने इंग्रज अमदानीतली जिल्हा गॅझेटिअरं ई-पुस्तकं करून उपलब्ध केली, हे मोठंच काम झालं. पण पुणे जिल्ह्याचा १८वा खंड १८८५चा, आणि ई-आवृत्ती या शतकातली. विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर दिसलेलं ताजं वर्ष उचलतो, आणि मग प्रबंधात सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची धान्याच्या बाजारभावांची यादी परवाची म्हणून अवतरते. मराठी विश्वकोशाचं तसंच. पहिला खंड १९७६चा. नोंद लिहिणाऱ्याच्या हाताशी त्या वेळची जनगणना होती. संकेतस्थळावर ती नोंद कधी चढवली ती तारीख वेगळी, पण संदर्भात तीच तारीख बसते आणि लोकसंख्येचा आकडा चाळीस वर्षं चुकतो. अशा वेळी दोन्ही वर्षं लिहायची : आधी मूळ, मग तिरकी रेघ, मग ई-आवृत्तीचं. विश्वकोशातली नोंद असेल तर नोंदलेखकाचं नावही द्यावं. नोंदीच्या शेवटी ते दिलेलं असतं आणि तरी आपल्या सूचीत लेखक म्हणून ‘मराठी विश्वकोश’ असतो. जिने महिनाभर खपून ती नोंद लिहिली तिचं नाव गाळायला आपल्याला काही वाटत नाही, याचं मला वाटतं.

आता दुव्यांबद्दल. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं संकेतस्थळ चालू होतं तेव्हा मराठी प्रबंधांत त्याचे दुवे भरभरून दिले गेले. ते संकेतस्थळ बंद पडलं आणि ते सगळे दुवे एका फटक्यात मेले. पुस्तकं मात्र बचावली, कारण त्यातली बरीचशी स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर चढवली गेली. तिथल्या ओळखनावात ‘डीएलआय’ आणि २०१५ ही अक्षरं अजून दिसतात. ज्यांनी आपल्या सूचीत नुसता दुवा दिला होता त्यांचा संदर्भ गेला. ज्यांनी लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती हे सगळं देऊन मग दुवा दिला होता त्यांचं काही बिघडलं नाही. दुवा हा पुस्तकाच्या तपशिलाला जोड म्हणून असतो, त्याच्या ऐवजी नाही. त्याच संग्रहातली आणखी एक खोड : तिथल्या यादीत मराठी शीर्षकं रोमन लिपीत विचित्र स्पेलिंगांनी लिहिलेली असतात आणि वर्षं बरेचदा चुकीची असतात. म्हणून तपशील यादीतून उचलायचा नाही, स्कॅनमधलं शीर्षकपान उघडून वाचायचा. तिथे शके दिलं असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढायचं आणि दोन्ही लिहायचं. शीर्षकपानच फाटलेलं असेल तर दुसरं स्कॅन शोधायचं. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून फिरत आलेली, पुढची आठ पानं कापलेली पीडीएफ वाचायला मिळाली म्हणून ती संदर्भाला चालत नाही. ती कोणत्या आवृत्तीची आहे हे ठरेपर्यंत तिच्यातून अवतरण घेऊ नये. तिच्या कॉपीराइटचा प्रश्न आहेच, तो मी इथे काढत नाही.

डीओआय, म्हणजे प्रकाशनाला दिलेला कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, असेल तर बाकी दुवा नको, तेवढा पुरे. मराठी पुस्तकांना तो अजून क्वचितच असतो, इंग्रजी ई-पुस्तकांत प्रकरणाप्रकरणाला असतो, आणि विद्यार्थी नेमका तो सोडून ग्रंथालयाच्या लॉगइनमधून आलेला लांबलचक पत्ता चिकटवतात. तो पत्ता आमच्या महाविद्यालयाबाहेर कुणालाच उघडत नाही. शोधगंगेवर प्रत्येक प्रबंधाला १०६०३ने सुरू होणारा कायमचा क्रमांक असतो, तो द्यावा. ‘दि. अमुक रोजी पाहिले’ हे शेपूट मात्र आपण उगाच सगळ्यांना लावायला सांगतो. बदलणाऱ्या मजकुराला ते हवं. पीडीएफ झालेलं १९९१चं पुस्तक मंगळवारी पाहिलं काय नि बुधवारी पाहिलं काय.

एक बाब अवतरणांची. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत जुळवलेल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरातही ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. विद्यार्थी तेच अवतरण म्हणून चिकटवतात आणि बिचाऱ्या लेखकाच्या नावावर भलतं शुद्धलेखन जमा होतं. जुन्या लेखकांच्या बाबतीत तर कोणतं रूप त्यांचं आणि कोणतं यंत्राचं हे नंतरच्या अभ्यासकाला कळतच नाही. अवतरण पानाच्या चित्राशी ताडून बघितलंय की नाही, हे मार्गदर्शकांनी विचारायला हवं.

काही मार्गदर्शक म्हणतात, ई-बुक मान्य केलं तर दर्जा घसरेल. मला यात दोन गोष्टींची गल्लत दिसते. पुस्तक विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न लेखक, संपादक आणि प्रकाशक पाहून सुटतो, कागद पाहून सुटत नाही. पदरमोड करून छापलेली आणि कुणी न तपासलेली पुस्तकं आमच्या कपाटात भेटीदाखल आलेली कितीतरी आहेत. त्यांना पृष्ठ क्रमांक आहेत, म्हणून ती आपल्या नियमात बसतात. आणि मंडळाने काढलेली संपादित आवृत्ती पडद्यावर वाचली म्हणून बसत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या नियमांनी साधर्म्याची, म्हणजे इतरांच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाची, टक्केवारी आली. १० टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष त्या अहवालावर असतं. पण त्या नियमांत संदर्भसूची मोजणीतून वगळलेली आहे. म्हणजे जो भाग यंत्र बघत नाही तोच माणसाने बघायला हवा, आणि तोच आपण कुणी बघत नाही. शून्य टक्के साधर्म्य असलेल्या प्रबंधात निम्मे पृष्ठ क्रमांक काल्पनिक असू शकतात, आणि अहवाल तरी हिरवाच येणार.

माझं मागणं मोठं नाही. २०१९च्या अखेरीपासून पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा आहे. त्यातले दोन तास ग्रंथपालांना द्या. आम्ही मुलांच्याच फोनवरची त्यांचीच पुस्तकं उघडून संदर्भ कसा द्यायचा ते शिकवू. संपादकांनी अंकाच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या ‘लेखकांसाठी सूचना’ एकदा उघडून बघाव्यात. आणि अभ्यास मंडळांनी प्रबंधलेखनाच्या नियमावलीत पुढील मजकूर घालावा. शब्द बदलायचे तर बदला, आशय ठेवा :

‘संशोधकाने ज्या आवृत्तीतून प्रत्यक्ष वाचन केले असेल त्याच आवृत्तीचा संदर्भ द्यावा व ती छापील, पीडीएफ, ईपब, किंडल वा ॲप यांपैकी कोणती ते नमूद करावे. स्थिर पृष्ठ क्रमांक उपलब्ध असल्यास पानावर छापलेला क्रमांक द्यावा. तो नसल्यास प्रकरण, उपशीर्षक व परिच्छेद द्यावेत. ओवी, अभंग, लीळा, अंक-प्रवेश अशी प्रचलित गणना असलेल्या ग्रंथांत ती गणना द्यावी व प्रतीचा उल्लेख करावा. पुनर्प्रकाशित ग्रंथांचे मूळ वर्ष व ई-आवृत्तीचे वर्ष दोन्ही लिहावे. केवळ पृष्ठ क्रमांक नाही या कारणाने संदर्भ अग्राह्य धरू नये.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते कृपया गाळू नका. पुढच्या सत्राचे सिनॉप्सिस येण्याआधी हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला तर आत्ता पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांना तरी तो लागू होईल. ज्यांचं सबमिशन या महिन्यात आहे त्यांना मी सध्या एवढंच सांगते आहे, की जे वाचलंय ते लिहा, आणि गाईडनी विचारलं तर ग्रंथपालांनी सांगितलं म्हणा.

कळावे,
आपली,
एका महाविद्यालयाची ग्रंथपाल